वेलांटीबाईंचा साडेपाचचा तास

वेलांटीबाई आणि उमलताई यांची पहिली भेट झाली तेव्हा प्रकाशनाच्या ऑफिसातलं सगळं कामकाज ठप्प झालं होतं, असं आजही सांगतात. सांगणारे अक्षरजुळणीचे काका, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्यायचं. पण उरलेलं निम्मंही काही कमी नाही. आधी उमलताई आल्याच नाहीत, त्यांचा सुवास आला. तो जिना चढून, पुस्तकांच्या गठ्ठ्यांना वळसा घालून थेट वेलांटीबाईंच्या टेबलाशी येऊन बसला. मग दोन मोबाइल आले. मग एक ओढणी आली. तिचं पुढचं टोक टेबलापाशी पोचलं तेव्हा मागचं अजून लिफ्टच्या दारात अडकलेलं होतं. आणि सर्वांत शेवटी खुद्द उमलताई आल्या. त्यांनी वेलांटीबाईंचे दोन्ही हात हातात घेतले, उजव्या हातातल्या लाल पेनासकट, आणि त्यांच्या डोळ्यांत बघायला सुरुवात केली. बघतच राहिल्या. काकांच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्या वेळात त्यांची चार पानं जुळवून झाली, चहावर साय धरली, ती वाळली, मालकांच्या कानशिलावरचे आणखी दोन केस पांढरे झाले आणि समोरच्या मोकळ्या जागेत एक इमारत दुसऱ्या मजल्यापर्यंत उभी राहिली.

"तू आतून फार दमली आहेस," उमलताई शेवटी म्हणाल्या.

"आतून कसली, सगळीकडूनच," वेलांटीबाई म्हणाल्या. "जरा हात सोडता का? तुमच्या सतराव्या पानावर 'स्वतःला मीठ मारा' असं झालंय. तिथे 'मिठी' हवंय ना?"

उमलताईंनी हात सोडले. पण त्यांना वाईट वाटलं नाही. वाईट वाटणं त्यांनी तिसऱ्या पुस्तकापासून बंद केलं होतं.

उमलताई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नाही. त्यांच्या प्रत्येक पुस्तकात 'उमलणे' हे क्रियापद सरासरी दर दीड पानाला एकदा येतं, म्हणून काकांनी ते ठेवलं. त्या लिहीत नसत, बोलत असत. सकाळी तळ्याकाठी चालता चालता मोबाइलला सांगत, आणि मोबाइल त्याच्या अकलेप्रमाणे लिहून घेई. वेलांटीबाईंचं नाव ठेवणारे मात्र मालक. बाई कामाला लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिफ्टमधल्या 'दार निट लावा' या पाटीवर लाल पेनाने दीर्घ वेलांटी काढली होती. लिफ्ट नंतर दोनदा बदलली, पाटीही गेली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. चोवीस वर्षं झाली. आता मालकांनासुद्धा त्यांचं मूळ नाव हजेरीच्या पुस्तकात बघावं लागतं.

या चोवीस वर्षांत बाईंच्या टेबलावरून काय काय गेलं म्हणता! सुरुवातीला ही संस्था भलत्याच उपयोगी विषयांवरची पुस्तकं काढत असे. शिवणयंत्राची दुरुस्ती, घरच्या घरी नळजोडणी, पंप का बंद पडतो. पुढे लोक हे सगळं मोबाइलवर बघून शिकायला लागले आणि पुस्तकं गोदामात पडून राहिली. मालक दोन वर्षं तोंड पाडून बसले होते. मग एके दिवशी ते उड्या मारतच आले. "बाई," ते म्हणाले, "बायका स्वतःला शोधायला लागल्यात!" एखाद्या गावात तेल लागल्याची बातमी सांगावी तसा त्यांचा सूर होता. तेव्हापासून नळजोडणी बंद आणि आत्मशोध सुरू. 'उमल, पण सावकाश', 'हो म्हणण्याआधी दहा आकडे', 'माझं नाव मीच ठेवते' अशी एकेचाळीस पुस्तकं सहा वर्षांत निघाली. प्रत्येकाची तीन प्रूफं बाईंनी तपासली. म्हणजे हिशेबाने बाईंना आत्तापर्यंत एकशे तेवीस वेळा स्वतःचा शोध लागायला हवा होता. तो लागला नाही, याला कारण त्यांची वाचायची पद्धत.

वेलांटीबाई प्रूफ उलटं वाचत. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करायचं आणि एकेक ओळ वर चढत पहिल्या पानाशी यायचं. सुलटं वाचलं की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की माणूस वाहवतो, वाहवला की चूक निसटते. ही पद्धत त्यांना एका जुन्या तपासनिसाने शिकवली होती आणि ती बिनचूक होती. फक्त तिचा परिणाम असा झाला, की बाईंच्या लेखी प्रत्येक पुस्तकातली बाई आधी डोंगरमाथ्यावर दोन्ही हात पसरून उभी असे, मुक्त, आनंदी, पूर्ण उमललेली. मग दोनशे पानं ती हळूहळू उतरत उतरत खाली येई, एकेक शहाणपण विसरत जाई, नोकरी सोडून देई, आणि पहिल्या प्रकरणात स्वयंपाकघराच्या मोरीशी खरकट्या भांड्यांसमोर उभी राहून रडे. बाईंना यात काहीच वावगं वाटत नसे. त्यांनी प्रत्यक्षात बघितलेल्या बायकांचं बहुतेक याच क्रमाने झालं होतं.

त्यांचं स्वतःचंही फार वेगळं नव्हतं. घरात माणसं पाच. बाईंचे यजमान मीटर तपासणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचल्यामुळे आता ते कशासाठीच वाकत नसत, खाली पडलेल्या टॉवेलसाठीसुद्धा नाही. मुलगा औषधकंपनीत, महिन्यातले वीस दिवस बॅग घेऊन दौऱ्यावर. सून रक्त तपासणीच्या लॅबमध्ये. सकाळी आठपासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधायची. आणि दोन वर्षांची नात. तिला सगळे पिल्लू म्हणत. पिल्लूला रोज पहाटे बरोबर साडेपाचला जाग येई आणि ती आईच्या अंगावर चढून तिच्या पापण्या बोटांनी उघडून बघे, आत कोणी आहे का म्हणून.

त्या वेळी वेलांटीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलेल्या असत. साडेपाच ते साडेसहा हा त्यांचा तास. अकरा वर्षांपूर्वी, सासूबाईंच्या आजारपणात त्यांनी तो सुरू केला होता. कुणाकडून मागून घेतला नव्हता, आपल्याच झोपेतून कापून काढला होता. एक स्टूल, एक कप चहा आणि खिडकीबाहेर पाण्याची टाकी. त्या तासात बाई काय करत? तर काहीही करत नसत, आणि ते फार मन लावून करत असत. वाचत नसत, विणत नसत, रेडिओ नाही, व्यायाम नाही. टाकीकडे बघत. साडेसहाला कुकरला हात घालत, आणि तिथून पुढे दिवस संपेपर्यंत त्या कुणाच्या ना कुणाच्या असत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे उमलताईंच्या नव्या पुस्तकाचं पंचेचाळिसावं पान.

त्या पानाच्या मध्यावर एक वाक्य होतं: 'रोज सकाळचा एक तास फक्त स्वतःसाठी ठेवा.' बाई नेहमीप्रमाणे खालून वर येत होत्या. त्यांनी 'ठेवा'ची मात्रा बघितली, 'स्वतःसाठी'तला विसर्ग बघितला आणि पुढे, म्हणजे वर, सरकणार इतक्यात चुकून अर्थ लागला. चोवीस वर्षांत असं क्वचित झालं होतं. त्यांनी समासात लिहिलं: 'तो कुणाकडून काढून घ्यायचा तेही लिहा.'

लेखकाला शंका विचारायची तर अशीच विचारतात. पुस्तक अपुरं वाटतंय, हेही सांगा, असा त्याचा अर्थ. पण त्याचा एक नियम होता. दुरुस्ती लाल पेनाने, शंका पेन्सिलीने. काका लाल तेवढं जुळणीत घेत आणि पेन्सिलीकडे ढुंकून बघत नसत. हा करार दोघांमध्ये वीस वर्षं बिनबोभाट चालला होता. त्या दिवशी मात्र बाईंची पेन्सिल घरी राहिली होती, पिल्लूच्या मुठीत, दिवाणखान्याच्या भिंतीवर काम करत. बाईंनी जे हातात होतं त्यानेच लिहिलं.

काकांनी लाल बघितलं आणि घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, शेवटच्या प्रूफात बाईंच्या लक्षात कसं आलं नाही? पण शेवटचं प्रूफसुद्धा बाईंनी उलटंच वाचलं. 'लिहा' बरोबर, 'तेही' बरोबर, 'कुणाकडून' बरोबर. वाक्य कुणाचं आहे हे बघणं त्यांच्या कामात येत नव्हतं. शुद्धलेखन अगदी स्वच्छ होतं, कारण ते त्यांचंच होतं. पुस्तक छापायला गेलं.

दोन महिन्यांनी मालक हातात पत्रांचा गठ्ठा घेऊन बाहेर आले. एरवी उमलताईंच्या पुस्तकांना पत्रं येत ती 'मला रडू आलं' अशा प्रकारची. ही वेगळी होती.

"ऐका हं," मालक म्हणाले. "ही एक नर्स आहे. 'तुमच्या पुस्तकातलं पंचेचाळिसाव्या पानावरचं गृहपाठाचं वाक्य मी वहीत उतरवलं: तो कुणाकडून काढून घ्यायचा तेही लिहा. मी लिहिलं, वॉर्डाच्या मोठ्या बाईंकडून. दुसऱ्या दिवशी घेतला.' ही शाळेतली शिक्षिका. 'मी लिहिलं, नवऱ्याकडून. त्याला अजून माहीत नाही.' आणि ही बघा, हिने दोन पानं लिहून खोडलीत. 'चार दिवस विचार केला. घरात कुणाकडेच जास्तीचा तास सापडला नाही. पण निदान शोधून तरी बघितला.' बाई, सगळ्या त्याच एका ओळीवर! इतकी वर्षं नुसता उपदेश चालला होता, पहिल्यांदाच कुणीतरी हातात वही दिली म्हणे!"

वेलांटीबाईंनी काकांकडे बघितलं. काकांनी स्क्रीनकडे बघितलं. मालक आत गेल्यावर बाई खुर्ची सरकवून काकांच्या कानाशी गेल्या.

"काका, ते माझं होतं."

"काय?"

"ती ओळ. ती शंका होती. लेखिकेला विचारलेली."

काकांनी चष्मा कपाळावर नेला. "लाल होती," ते म्हणाले.

"पेन्सिल नव्हती हो त्या दिवशी."

"मग मी काय करायचं? लाल ते घ्यायचं. तुम्हीच लावलेली शिस्त. उद्या तुम्ही लाल पेनाने 'दूध आणा' लिहिलंत तरी मी घेणार."

"आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? गप्प बसायचं. चूक सापडली की लोक ओरडतात. ही सापडली आणि लोक वाखाणताहेत. आपल्या धंद्यात हे कधी झालंय?"

बाई गप्प बसल्या. भीती वाटली म्हणून नाही, लाज वाटली म्हणून. दुसरी कुणी असती तर तिला वाटलं असतं, माझी ओळ गाजली. वेलांटीबाईंना वाटलं, माझ्या हातून एक अख्खी ओळ निसटली. चोवीस वर्षांत एक उकार निसटला तरी त्यांना जेवण जात नसे, इथे सहा शब्द निसटले होते.

आठवड्याने उमलताई स्वतः आल्या. मालकांनी त्यांना पत्रं दाखवली. उमलताईंनी डोळे मिटले. "मला आठवतंय," त्या हळूच म्हणाल्या. "मी तळ्याकाठी चालत होते. धुकं होतं. आणि ते वाक्य एकदम आलं. मी स्वतःशी म्हटलं, हे माझं नाही. हे कुठूनतरी येतंय."

'तिसऱ्या टेबलावरून येतंय,' असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण उमलताई खोटं बोलत नव्हत्या, हे त्यांना दिसत होतं. मोबाइलला आपण काय काय सांगितलं हे त्या बिचारीला कधीच नक्की माहीत नसे.

हे सगळं इथेच थांबलं असतं तर वेलांटीबाईंची फार तक्रार नव्हती. पण पुस्तकं छापली की ती कुणाच्याही घरात शिरतात, छापणाऱ्यांच्यासुद्धा. त्या रविवारी दुपारी बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सून समोर येऊन बसली, मांडीवर वही.

"आई, हे पुस्तक तुमच्याच ऑफिसचं ना? आमच्या लॅबमध्ये सगळ्याजणी वाचताहेत."

"हो का."

"त्यातली ती ओळ बघितलीत? कुणाकडून काढून घ्यायचा ती?"

"मी नुसती अक्षरं बघते गं."

"मी लिहिलं," सून म्हणाली. मग वहीचं पान शोधत, "रागावणार नाही ना?" आणि तिने वही पुढे केली.

वहीत लिहिलं होतं: 'आईंकडून. सकाळी साडेपाच ते साडेसहा.' वेलांटीबाईंनी आधी शुद्धलेखन बघितलं. ते बरोबर होतं. मग अर्थ बघितला.

"म्हणजे काय?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे, तुम्ही तशाही उठलेल्याच असता ना. नुसत्या बसलेल्या असता. तेवढा वेळ पिल्लूला तुम्ही घेतलंत, तर मला एक तास..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "नको असेल तर राहू दे, आई. मी आपलं नुसतं लिहिलं."

'नुसत्या बसलेल्या' या शब्दांवर बाईंची नजर अडखळली. त्यात खोडण्यासारखं काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, "घे की. त्यात काय एवढं."

असं म्हणायची त्यांची सवय जुनी होती. एकशे तेवीस वेळा वाचूनही ती गेली नव्हती, कारण 'नाही कसं म्हणावं' हे प्रकरण नेहमी शेवटून दुसरं असतं, आणि बाईंचं ते सुरुवातीलाच वाचून होई, डोकं अजून लागलेलं नसताना.

दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला पिल्लू बाईंच्या पापण्या उघडायला लागली. आत कोणी आहे याची खात्री झाली की ती त्यांना घोडा करी, मग घोड्याला गोष्ट सांगायला लावी, मग घोड्याने गोष्ट चुकीची सांगितली म्हणून रडे. पिल्लू म्हणजे बाईंचा जीव की प्राण, यात शंका नाही. पण प्रेम पहाटे साडेपाचला असतं तेवढंच रात्री नऊलाही असतं, आणि साडेपाचला गुडघे दुखत असतात. पलीकडे स्वयंपाकघराच्या खिडकीशी, त्याच स्टुलावर सून बसलेली असे. तिला घरात दुसरी जागाच सापडली नव्हती. खरं म्हणजे दुसरी नव्हतीच.

महिनाभर हे चाललं. बाईंचे डोळे लाल झाले, पेन निळं झाल्यासारखं दिसायला लागलं. 'मनःशांती' या शब्दाचा विसर्ग एका मुखपृष्ठावरून निसटला तो काकांनी पकडला आणि जागेवर घातला. काकांनी चूक पकडायची वेळ आली, यावरून काय ते समजा.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी यजमानांना सांगायचं ठरवलं. ते बातम्या बघत होते.

"अहो, तो तास माझा होता."

"कुठला तास?"

"सकाळचा. साडेपाचचा."

यजमानांनी आवाज कमी केला. ही मोठी गोष्ट होती. "तू साडेपाचला उठतेस?"

"अकरा वर्षं उठतेय."

"अस्सं!" ते खरोखरच चकित झाले होते. "आणि करतेस काय?"

"काही नाही."

"काही नाही?"

"काही नाही करत. बसते."

यजमानांनी प्रामाणिकपणे विचार केला. कपाळाला आठ्या घालून केला. "मग गेलं काय तुझं?" ते म्हणाले. टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. पण मीटरमध्ये आकडा दिसत नसेल तर वापर शून्य, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. बाईंनी आवाज पुन्हा वाढवून दिला.

मग दुसरी आवृत्ती आली, आणि बाईंना वाटलं, हीच संधी. आपल्या हातून शिरलं, आपल्या हाताने काढायचं. ओळ गेली की निदान पुढच्या घरांमधल्या आयांचे तास तरी वाचतील. आणि कुणी सांगावं, सुनेच्या हातात नवी प्रत दिली तर ती म्हणेलही, अरेच्चा, इथे तर तसं काही लिहिलेलंच नाही. चोवीस वर्षं छापील कागदावर काढलेल्या बाईला असल्या गोष्टी शक्य वाटतात. त्यांनी पंचेचाळिसावं पान काढलं आणि त्या सहा शब्दांवर लाल पेनाने आडवी रेघ मारून शेजारी काढून टाकायची खूण केली. ठसठशीत केली.

अर्ध्या तासात मालक बाहेर आले. मागोमाग सुवास, मोबाइल, ओढणी आणि उमलताई.

"बाई, हे काय?" मालक म्हणाले. "ही ओळ मी मुखपृष्ठावर घेतोय आणि तुम्ही आतून उडवताय?"

"ती चुकून पडली आहे."

"चुकून?"

वेलांटीबाई उभ्या राहिल्या. त्या ऑफिसात क्वचितच उभ्या राहत, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष गेलं. "ती ओळ माझी आहे," त्या म्हणाल्या.

उमलताईंचे डोळे भरून आले. त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले.

"ऐकलंत, दादा?" त्या मालकांना म्हणाल्या. "अगं राणी, प्रत्येक वाचकाला असंच वाटतं! 'ही ओळ माझी आहे.' किती जणींनी मला हेच लिहिलंय! आणि आज तू, इतकी मिटलेली तू, उभी राहून म्हणालीस! हेच तर उमलणं."

"तसं नाही हो. खरंच माझी आहे. मी लिहिली."

"हो ना. आपण सगळ्यांनीच लिहिली."

बाईंनी मान वळवली. "काका, तुम्ही तरी सांगा ना."

काका खाकरले. काका कधी खोटं बोलले नव्हते. वाढवून बोलत, पण खोटं नाही. "बाईंनी लाल शाईत लिहिलं," ते म्हणाले, "आणि मी घेतलं."

"मग बरोबरच आहे की," मालक म्हणाले. "लाल ते घ्यायचंच. कामाची पद्धत आहे आपली." आणि ते मुखपृष्ठाचा कागद घेऊन आत गेले. उमलताईंनी बाईंना मिठी मारली. मीठ नव्हे, मिठीच. बाईंनी त्यांच्या खांद्यावरून रेघ मारलेलं पान बघितलं आणि मग, कुणी सांगायच्या आत, शब्दांखाली टिंबं देऊन समासात लिहिलं: 'आहे तसंच ठेवा.' लाल पेनाने.

आता उरली होती सून. तिला सरळ सांगायचं, असं बाईंनी बसमध्ये ठरवलं. की बाई गं, तो गृहपाठ नव्हता, ती शंका होती, मी विचारलेली, त्या ताईंना. तुला नव्हती विचारलेली. माझा तास मला परत दे. वाक्य चांगलं होतं. त्यांनी ते मनात सुलटं म्हणून बघितलं, उलटंही म्हणून बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिल्लूने पापण्या उघडल्यावर बाई तिला कडेवर घेऊन थेट स्वयंपाकघरात गेल्या. बोलायचं ते आत्ताच, धीर आहे तोवर. सून स्टुलावर बसलेली होती. पाठ भिंतीला टेकलेली, तोंड किंचित उघडं. चहा भरलेला, अजून तोंडही न लावलेला. गाढ झोपली होती. बसल्या बसल्या, चप्पल पायात, जणू बसथांब्यावर असावी. डाव्या हाताच्या अंगठ्याला आदल्या दिवशीचा कापूस चिकटलेला होता, कुणाचं तरी रक्त थांबवलेला.

"मम्मा," पिल्लू म्हणाली.

"श्श," वेलांटीबाई म्हणाल्या.

त्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं की या बाईला तासभर टाकीकडे बघायचंच नव्हतं. ती शोधबिध काही लावत नव्हती. झोप काढत होती. पण 'मला झोपायचंय' असं कुणी कुणाला सांगत नाही, त्याला पुस्तकातली ओळ लागते, वही लागते. बाईंना एकदम तिचा राग आला, की एवढंच हवं होतं तर पलंगावर झोपायचं होतं, माझं स्टूल कशाला अडवलंस! आणि लगेच कळलं की पलंगावर झोपली असती तर तिला कुणी तरी उठवलं असतं. बहुधा आपणच.

साडेसहाला सून दचकून जागी झाली. "आई! तुम्ही कधीच्या उभ्या आहात? काही हवं होतं का?"

वाक्य तयार होतं. बाईंनी ते शेवटून वाचायला घेतलं, आणि पहिल्या शब्दापर्यंत पोचल्याच नाहीत.

"ती ओळ आहे ना तुझ्या पुस्तकात," त्या म्हणाल्या, "ती शंका होती. गृहपाठ नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी तरी विचारलं होतं, की तास आणायचा कुठून. खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं होतं."

सुनेने केस मागे बांधले, घड्याळ बघितलं, गार चहा एका घोटात संपवला. "पण आई," ती म्हणाली, "उत्तर तर मिळालं ना?" आणि हसली. वेलांटीबाईही हसल्या, कारण विनोद म्हणून तो वाईट नव्हता. मग कुकरला हात घातला.

दुसरी आवृत्ती निघाली, ओळ मुखपृष्ठावर आली, तिसरीही निघाली. पुढच्या वर्षी मुलाची बदली झाली. सून आणि पिल्लू त्याच्याबरोबर गेल्या, आणि सकाळचा साडेपाच ते साडेसहा पुन्हा पूर्णपणे वेलांटीबाईंचा झाला. त्यांना आता सातपर्यंत जाग येत नाही.